उजव्या हाताची चार बोटं गेली, मराठी टायपिंग पुन्हा कसं सुरू करायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. तो स्वतः लिहायला तयार नाही म्हणून मी लिहितेय.

तो सत्तावीस वर्षांचा आहे. तालुक्याच्या गावात दस्तलेखकांच्या ऑफिसात सहा वर्षं टायपिंग करत होता. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र, भाडेकरार, दिवसाला पंधरा-वीस पानं सहज. मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास आहे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची वैरण कापताना उजवा हात कडबाकुट्टीत गेला. करंगळीपासून तर्जनीपर्यंत चारही बोटं मुळातून काढावी लागली. अंगठा वाचला आणि तो हलतो, दाबतो. डावा हात पूर्ण चांगला आहे.

जखम भरल्यावर पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसला तेव्हा मी शेजारीच होते. सवयीनं दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. डावी बोटं बरोबर आपापल्या जागी बसली आणि उजवा तळवा तसाच वर धरून राहिला. बराच वेळ त्यानं तो खाली टेकवलाच नाही. मग डाव्या हातानं ‘लिहून देणार’ एवढे दोन शब्द टाईप केले, पुसले, उठून गोठ्यात गेला.

आता रोज तासभर बसतो. डावा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवतो. मिनिटाला पाच-सहा शब्द होतात आणि रात्री मनगट शेकावं लागतं. शिफ्ट धरून पलीकडचं बटण दाबायचं म्हटलं की हात पुरत नाही. त्याचं शिक्षण रेमिंग्टन या जुन्या टाईपरायटरच्या मांडणीवर झालंय, म्हणजे प्रत्येक बोटाला ठरलेली जागा. तीच बोटं नाहीत.

फोनवर बोलून लिहायचा प्रयोग केला. साधी वाक्यं छान येतात. पण ‘गट नंबर 214/2अ, क्षेत्र 0 हेक्टर 81 आर, पैकी पूर्वेकडील 40 आर’ असलं काही सांगितलं की दुरुस्त करण्यात जास्त वेळ जातो. शिवाय ऑफिसात पक्षकार समोर बसलेले असतात, त्यांच्या देण्याघेण्याचे आकडे मोठ्यानं कसे बोलणार?

शहरातल्या एका दुकानात चौकशी केली. एका हाताचा परदेशी कीबोर्ड मागवून देतो म्हणाले, चाळीस हजारांच्या वर. त्यावर मराठी कसं उमटणार हे विचारलं तर ‘उमटेल की’ म्हणाले, दाखवता कुणालाच आलं नाही. आईनं म्हैस विकायची तयारी दाखवलीय. मला घाई करायची नाही.

मालक चांगले आहेत. जागा ठेवलीय त्याची. म्हणतात, अर्ध्या वेगानं आलास तरी चालेल. अर्धा वेग म्हणजे वीस. एका हातानं मराठी टायपिंग करून पोट भरणारं कुणी इथं आहे का?

पुस्तकवेडा

ताई, वाचून वाईट वाटलं. फोनवर गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड वापरता ना? 2017 पासून त्यात मराठी बोलून लिहिता येतं आणि आता बरंच सुधारलंय. गूगल डॉक्समध्येही मराठी व्हॉइस टायपिंग आहे. मजकुराचा लांबलचक भाग, म्हणजे अटी-शर्ती वगैरे बोलून घ्यायच्या आणि आकडे तेवढे हातानं भरायचे असं करून बघा. मला टायपिंगमधलं फार कळत नाही, पण म्हैस विकू नका एवढं नक्की सांगतो.

खिळे_ते_डीटीपी

ताई, आहे. मी आहे.

इचलकरंजीत डीटीपीचं काम करतो. 2011 साली गाडीवरून पडलो, उजव्या खांद्यातल्या नसा तुटल्या. हात आहे, पण खांद्यापासून खाली लोंबतो, बोटांत काही नाही. म्हणजे तुमच्या भावापेक्षा माझ्याकडं एक अंगठा कमी आहे. त्या अंगठ्याची किंमत तुम्हाला पुढं सांगतो. लांब लिहिणार आहे, सावकाश वाचा आणि त्यालाही वाचायला द्या.

आधी तो चाळीस हजारांचा कीबोर्ड. इंग्लंडच्या माल्ट्रॉन कंपनीचा एका हाताचा कीबोर्ड प्रसिद्ध आहे. ताटलीसारखा खोलगट, बोटांच्या लांबीप्रमाणे बटणं वरखाली, डाव्यासाठी वेगळा, उजव्यासाठी वेगळा. ज्यांचं काम इंग्रजीत आहे त्यांच्यासाठी चांगली वस्तू आहे. तसंच विंडोजमध्ये फुकटात ‘ड्वोराक, डावा हात’ आणि ‘ड्वोराक, उजवा हात’ अशा मांडण्या मिळतात. मीही आधी त्यांच्याच मागं लागलो होतो. अडचण अशी की या सगळ्यांत अक्षरांच्या जागा इंग्रजीत कुठलं अक्षर जास्त येतं त्यावरून ठरल्यात. ई, टी, ए ही अक्षरं बोटाखाली आणली म्हणून आपला ‘क’ किंवा काना बोटाखाली येत नाही. विंडोजमध्ये मराठी निवडलं की ड्वोराक बाजूला होतो, कारण एका वेळी एकच मांडणी चालते. आणि माल्ट्रॉनवर मराठी लावलं तर अक्षरं उमटतील, पण कुठल्या कुठं विखुरलेली.

म्हणून मराठीसाठी विचार मराठीपासून सुरू करावा लागतो.

रेमिंग्टन सोडायला सांगा. मला माहितेय हे किती जड जातं. मी अपघातानंतर दोन वर्षं तेच धरून बसलो होतो, कारण बोटांना तेवढंच येत होतं. पण रेमिंग्टन टाईपरायटरवरून आलेलं आहे. तिथं ‘ख’ काढायला अर्धा ख आणि वर काना, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी. बटणांची संख्याच वाढते. दोन हात असताना ते जाणवत नाही, एका हाताला प्रत्येक जादा बटण मोजून द्यावं लागतं.

इनस्क्रिप्ट शिकायचं. ही सरकारी मांडणी 1986 ची, 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकात गेली, आणि विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की आपोआप मिळते. तिची रचना समजली की पुढचं सगळं समजेल. डाव्या हाताकडं स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, हलन्त म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. उजव्या हाताकडं बहुतेक व्यंजनं. अल्पप्राण साधं बटण, महाप्राण त्याच बटणावर शिफ्टमध्ये. क च्या वर ख, ग च्या वर घ, त च्या वर थ, ब च्या वर भ. उजव्यानं व्यंजन, डाव्यानं मात्रा, असं झोपाळ्यासारखं टायपिंग चालतं.

आता एक हात गेला की हाच गुण अंगावर येतो. प्रत्येक अक्षरासाठी हात कीबोर्डच्या या बाजूनं त्या बाजूला न्यावा लागतो. तुमच्या भावाचं मनगट दुखतंय ते या पळापळीनं.

यावर उपाय आरशाचा. परदेशात याला हाफ-क्वर्टी म्हणतात. एडगर मटायस नावाच्या माणसानं नव्वदच्या दशकात पुढं आणलेली कल्पना. हात आपल्या जागी राहतो. स्पेसबार दाबून धरला की डाव्या बाजूचं बटण उजव्या बाजूचं काम करतं, आरशात दिसल्यासारखं. ज्या बोटानं उजवीकडं ते अक्षर काढत होतो, डाव्या हाताचं तेच बोट. तर्जनीचं तर्जनीला, करंगळीचं करंगळीला. त्यामुळं ज्याला दोन हातांचं टायपिंग येतं त्याच्या डोक्यातला नकाशा वाया जात नाही. स्पेस नुसता दाबून सोडला तर नेहमीसारखी जागा सुटते.

आणि हा आरसा बटणांवर चालतो, अक्षरांवर नाही. म्हणून मराठीला तो जसाच्या तसा लागतो. इंग्रजी डी च्या बटणावर इनस्क्रिप्टमध्ये हलन्त आहे. त्याचं आरशातलं बटण के, तिथं क. तेव्हा स्पेस धरून डी म्हणजे क, आणि मग नुसता डी दाबला की पाय मोडला. एका बोटात ‘क्’. एफ वर ऱ्हस्व वेलांटी, स्पेस धरून एफ म्हणजे र. एस वर मात्रा, स्पेस धरून त. जी वर ऱ्हस्व उकार, स्पेस धरून प. न, म, व आणि अनुस्वार तर तसेही डाव्या बाजूलाच आहेत. भावाला सांगा, दस्तात पानोपानी येणारा ‘क्रमांक’ शब्द आधी करून बघ. स्पेस-डी, डी, स्पेस-एफ, सी, ई, एक्स, स्पेस-डी. सात ठोके, हात जागचा हलत नाही. मला हा शब्द पहिल्यांदा न बघता आला तेव्हा मी प्रेसमध्ये एकटाच होतो, तरी मोठ्यानं वाचला.

ट आणि ड आरशाच्या बाहेर राहतात, कारण ती बटणं उजव्या टोकाला पी आणि अर्धविरामाच्या पलीकडं आहेत. त्यांच्या समोर डावीकडं कॅप्सलॉक आणि टॅब येतात. मी स्पेस-कॅप्सलॉकला ट आणि स्पेस-टॅबला ड दिलाय.

आता अंगठा. मला स्पेस डाव्याच अंगठ्यानं धरावा लागतो आणि चार बोटं त्याच वेळी हलवायची असतात. तासाभरात अंगठ्याचा गड्डा भरून येतो. तुमच्या भावानं स्पेस उजव्या अंगठ्यानं धरायचा. डावा हात पूर्ण मोकळा. मी हे लिहिताना खरंच त्याच्यासाठी खूश आहे.

खर्च. पहिला महिना शून्य रुपये. ऑटोहॉटकी नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात हा आरसा लिहिता येतो. नेटवर तयार फाईली मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच अक्षरांच्या नावानं लिहिलेल्या असतात आणि मराठी लावलं की गडबडतात. स्कॅनकोडनं लिहिलेली हवी. स्कॅनकोड हा बटणाचा स्वतःचा क्रमांक, भाषा बदलली तरी तो बदलत नाही. डी चा 020, के चा 025. माझी फाईल तुम्हाला पाठवतो.

महिनाभरात जमतंय असं वाटलं तरच कीबोर्ड घ्या. क्यूएमके नावाचं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आत राहणारा प्रोग्राम, चालणारा कुठलाही छोटा कीबोर्ड. मला पाच हजारांच्या आत मिळाला. त्यात ‘स्वॅप हँड्स’ म्हणून हीच सोय आधीपासून आहे आणि ती कीबोर्डच्या पोटात राहते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काहीही टाकावं लागत नाही. वायर लावली की झालं. त्यात एक वेळ ठरवावी लागते, स्पेस किती वेळ दाबला तर ‘धरला’ समजायचं. मूळची 200 मिलिसेकंद असते. मला ती कमी पडत होती, जागा सुटायच्या ठिकाणी आरसा लागायचा आणि शब्द चिकटायचे. 250 केल्यावर शांत झालं. ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे हे बसवावं लागतं, त्याला आठवडा द्या.

शिफ्टचं आजच करा. शिफ्ट पाचदा दाबला की स्टिकी कीज चालू होतं. मग शिफ्ट दाबून सोडायचा, पुढचं अक्षर शिफ्टचं येतं. ख, घ, थ, ध, भ, श, ण, ळ सगळी त्यावर अवलंबून आहेत, मराठीत याच्याशिवाय एक ओळ पुरी होत नाही. पण सेटिंगमध्ये ‘दोन बटणं एकदम दाबली तर स्टिकी कीज बंद करा’ अशी एक खूण असते ती काढून टाका. शिफ्ट सुटण्याआधीच दुसरं बटण लागलं आणि ती खूण राहिली असेल, तर सोय मध्येच बंद पडते. मी यात चार दिवस घालवलेत. आणि स्वस्त कीबोर्डवर स्पेस, शिफ्ट आणि तिसरं बटण एकदम दाबलं तर तिसरं कधी कधी उमटतच नाही. तो हाताचा दोष समजू नये. स्टिकीनं तो प्रश्नही सुटतो.

मालकांना एक विचारून ठेवा. जुने मसुदे कुठल्या फाँटमध्ये आहेत? आमच्याकडं श्रीलिपी या जुन्या फाँटमधली वर्षानुवर्षांची कामं होती. इनस्क्रिप्टनं युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरं उमटतात, जुन्या फाँटचा मजकूर त्यात जुळत नाही. नेहमीचे वीस-पंचवीस मसुदे एकदा युनिकोडमध्ये करून घ्यावे लागतील. हे काम भावाला सरावाला द्या.

वेग विचारलात. पहिला आठवडा मिनिटाला चार. पहिल्या महिन्याअखेर अकरा. सहा महिन्यांनी बावीस. आता अठ्ठावीसच्या आसपास असतो, त्यापुढं माझा जात नाही. वीस त्याला येतील.

हातउपचार

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हाताच्या दुखापतींवर काम करते. वरचं उत्तर फार चांगलं आहे. मला दोन गोष्टी सांगायच्यात, दोन्ही हातांबद्दल.

उजवा हात टेकवत नाही असं तुम्ही लिहिलंत. त्यानं तळवा वर धरला त्यामागे मनाचं दुःख असेलच, पण बोटं जिथून गेली तिथली कातडी आणि नसांची टोकं खूप हुळहुळी असतात हेही कारण असू शकतं. टेबलाची कडा लागली तरी झिणझिण्या जातात. त्यासाठी सराव असतो. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-तीन मिनिटं, आधी कापसानं, मग सुती कापडानं, मग टर्किश टॉवेलानं तो भाग चोळायचा. सहन होईल तसं पुढं जायचं. तांदळाच्या डब्यात हात घालून फिरवणं हेही आम्ही करायला सांगतो. मात्र एखाद्याच जागी बोट लावल्यावर वीज चमकल्यासारखी कळ येत असेल तर सर्जनला दाखवा, नसेची गाठ असू शकते. अंगठ्यानं स्पेस धरायचा तर तो हात टेबलावर निवांत टेकला पाहिजे, म्हणून हे आधी.

डावा हात ही माझी मोठी काळजी आहे. जन्मभर आता तोच एक पुरा हात. कीबोर्ड मध्यभागी ठेवू नका. डाव्या खांद्यासमोर एएसडीएफ ही बटणं येतील असा सरकवा, आणि थोडा तिरका करा म्हणजे मनगट करंगळीकडं वाकणार नाही. कोपर टेबलाच्या उंचीला. बटणं हलकी घ्या. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये 45 ग्रॅमची लाल बटणं मिळतात, 60 ची नकोत. वीस मिनिटं टायपिंग, मग पाच मिनिटं हात खाली सोडून बसायचं, घड्याळ लावून. उत्साहाच्या भरात तीन तास बसणारी मुलं मी पाहिलीत, नंतर दोन-दोन महिने पट्टा बांधून फिरावं लागतं.

मुंबईला येणं शक्य असेल तर हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची. तिथं ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे. जाताना कीबोर्ड सोबत न्या आणि टायपिंग करून दाखवा. तोंडी सांगण्यात आणि दाखवण्यात फरक पडतो.

चाकाची_खुर्ची_पुणे

मी वेगळ्या टोकाचा आहे, पण हा धागा पुढं दुसरं कुणी शोधत येईल म्हणून लिहितो.

मानेत सी6 ला, म्हणजे सहाव्या मणक्याजवळ मज्जारज्जूला इजा. दोन्ही हात खांद्यापासून हलतात, मनगट वर उचलता येतं, बोटं एकही चालत नाहीत. मी तळव्याला वेल्क्रोचा पट्टा बांधतो. त्याला एक खिसा असतो, त्यात रबरी टोकाची काडी. पेन्सिल उलटी खोचली तरी चालते, खोडरबर खाली. त्या एका टोकानं मी बारा वर्षं टायपिंग करतोय. मला आरसा उपयोगाचा नाही, कारण मला एका वेळी एकच बटण दाबता येतं. स्टिकी कीज नसतं तर मी मराठी लिहूच शकलो नसतो.

माझी काडी घसरायची आणि दोन बटणं एकदम लागायची. कीबोर्डवर बसणारी भोकांची पाटी असते, कीगार्ड म्हणतात. प्रत्येक बटणावर एक भोक, काडी थेट आत जाते, हात पाटीवर टेकवून ठेवता येतो. माझी मी पुण्यात लेझर कटिंगवाल्याकडून ॲक्रिलिकची कापून घेतली. कीबोर्डचा फोटो न देता प्रत्यक्ष कीबोर्डच द्या, मिलिमीटरभर चुकली तर पाटी फुकट जाते. माझी पहिली तशीच गेली. हात थरथरणाऱ्यांनी विंडोजमधलं फिल्टर कीज बघावं, उजवा शिफ्ट आठ सेकंद धरला की चालू होतं. चुकून लागलेला निसटता स्पर्श त्यात सोडून दिला जातो.

फोनवर मी ‘स्वरचक्र’ वापरतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागातल्या लोकांनी 2013 मध्ये काढलं. व्यंजनावर टेकलं की भोवती चक्र उघडतं, त्यात का, कि, की, कु अशी बाराखडी. हव्या त्या दिशेला सरकवून सोडायचं. बाराखडी शाळेत शिकलेल्या कुणालाही ते लगेच कळतं, आणि करंगळीच्या पेरानंही चालतं. आपल्या लिपीचा विचार करून केलेली वस्तू हातात घेतली की फरक कळतो.

ज्यांचे हातही हलत नाहीत त्यांच्यासाठी तोंडात धरायची काडी आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमधले जवान तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, ती पाहिली तर मान आणि दात काय करू शकतात ते समजतं. डोळ्यांनी टायपिंगसाठी ऑप्टीकी नावाचा फुकट प्रोग्राम आहे, फक्त डोळे टिपणारं यंत्र विकत घ्यावं लागतं.

आणि तुमच्या भावाला माझा निरोप. पहिले तीन महिने मी कीबोर्डकडं बघितलंसुद्धा नव्हतं. तो रोज तासभर बसतोय.

कृष्णाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, सात आठवडे झाले. आधी काहीतरी झाल्याशिवाय लिहायचं नाही असं त्यानं सांगितलं होतं.

दादा, तुमची फाईल लावली. पहिले चार दिवस त्याची चिडचिड बघवत नव्हती. रेमिंग्टनची बोटं आपोआप जुन्या जागी जायची, ‘क’ पाहिजे तिथं भलतंच. पाचव्या दिवशी वहीत आपला आपण तक्ता काढला, वर डावं बटण, खाली आरशातलं. तो कागद अजून मॉनिटरला चिकटवलेला आहे पण आता बघत नाही. ‘क्रमांक’ आला त्या दिवशी त्यानं आईला बोलावून दाखवलं. आईला वाचता येत नाही. तिनं स्क्रीनला हात लावून पाहिलं.

मॅडम, तुमचं टॉवेलचं रोज करतोय. तांदळाऐवजी गव्हाच्या कणगीत हात घालतो. दोन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा उजवा हात आपण होऊन टेबलावर टेकवला. स्पेस त्याच अंगठ्यानं धरतो. आणि त्यानं आपल्या मनानं एक केलं. साडेचारशे रुपयांचा सुटा नंबरपॅड आणून उजव्या बाजूला ठेवला, गट नंबर, क्षेत्र, रक्कम सगळे आकडे त्याच अंगठ्यानं मारतो. आकड्यांत त्याचा हात आता माझ्यापेक्षा जलद आहे.

वेग तेरा. सोमवारपासून अर्धा दिवस ऑफिसला जायला लागलाय. पहिलं पूर्ण काम चतुःसीमेसकट एक बक्षीसपत्र होतं, पाच पानं, अडीच तास. मालकांनी एक चूक काढली, तीही मसुद्यातलीच जुनी निघाली. म्हैस गोठ्यातच आहे.

एक अडलंय. ‘मृत्युपत्र’, ‘कृषी’, ‘वृक्ष’ यातला ृ इनस्क्रिप्टमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या बटणावर आहे, पार उजव्या टोकाला. तिथं आरसा पोचत नाही, दर वेळी हात उचलावा लागतो. तुम्ही तो कुठं ठेवलाय?

खिळे_ते_डीटीपी

तेरा! सात आठवड्यांत मी बारावर होतो.

ताई, एकच्या डावीकडं जे बटण आहे ना, बॅकटिकचं, स्पेस धरून त्यावर ठेवा. आरशाप्रमाणे तिथं वजाचं चिन्ह येतं, पण ते त्याच्या नंबरपॅडवर आहेच. फाईलमध्ये शेवटून तिसरी ओळ, तिथं 00सी च्या जागी 00डी करायचं. शिफ्टबरोबर तिथंच ‘ऋ’ मिळेल. ज्ञ शिफ्ट-पाचवर थेट आहे हे त्याला सापडलं नसेल तर सांगा, आणि ‘क्षेत्र’मधला क्ष शिफ्ट-सातवर, म्हणजे आरशात चार. नंबरपॅडचं मला सुचलं नव्हतं. माझ्या उजव्या हाताला त्याचा उपयोग नाही, पण पायाखाली ठेवून बघतो.